कोटेशनमधला ‘एफ’ खोडून घ्या

वाचकाचं पत्र :

नमस्कार सर, आमचा आटपाडीत फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग आमचे हे करतात, एडिटिंग आणि अल्बम मी बघते. कॉम्प्युटर २०१४ मध्ये घेतलेला, आय५-४५७०. मध्यंतरी त्यात जीटीएक्स १६५० कार्ड टाकलं. आता विंडोज १० चे अपडेट बंद झाले आणि हे मशीन विंडोज ११ घेत नाही, म्हणून नवीन घ्यायचं ठरलंय. दुकानदाराने दोन कोटेशनं दिलीत. एकात रायझेन ५ ५६००, दुसऱ्यात आय५-१२४००एफ. बाकी सगळं सेम, १६ जीबी रॅम, कार्ड आमचंच जुनं. धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो रायझेन ३.५ गिगाहर्ट्झचा आणि त्याची कॅश ३२ एमबी, इंटेल नुसता २.५ चा आणि कॅश १८, त्यामुळे प्रश्नच मिटला. दुकानदार म्हणतो एडिटिंगला इंटेलच घ्या. नेटवर बघावं तर कुठे हा पुढे, कुठे तो. लग्नसराई तोंडावर आलीय. काय घेऊ?

ता. क. जुन्या ए७ थ्री कॅमेऱ्याच्या फाइली टाइमलाइनवर नीट पळतात, नव्या ए७ फोरच्या मात्र अडकत अडकत चालतात. दोन्ही ४के आहेत. नव्या कॅमेऱ्यात काही दोष असेल का?
— एक वाचक, आटपाडी

उत्तर :

ताई, नमस्कार.

कॅमेऱ्यात दोष नाही. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही ताज्या कलमात टाकलीत. दोन प्रोसेसरांपैकी कुठला, हे ठरवायला त्या ओळीचा जेवढा उपयोग आहे तेवढा भावाच्या गिगाहर्ट्झचाही नाही आणि दुकानदाराच्या अनुभवाचाही नाही. पण आधी भावाचं बोलणं निकालात काढू, नाहीतर घरात वाद चालूच राहील.

इंटेलच्या १२४०० वर लिहिलेला २.५ गिगाहर्ट्झ हा त्याचा बेस क्लॉक. ६५ वॉटच्या मर्यादेत राहून किमान एवढं देऊच, अशी ती कंपनीची हमी असते. प्रत्यक्षात एका कोअरवर (प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या एका भागावर) काम असेल तर तो ४.४ पर्यंत जातो, आणि सहाच्या सहा कोअर राबत असले तरी ४.० च्या आसपास टिकतो. रायझेन ५६०० चा कमाल वेगही ४.४ च आहे. म्हणजे भावाला दिसलेली एका गिगाहर्ट्झची तफावत खोक्यावरची आहे, काम करतानाची नाही. शिवाय वेगवेगळ्या घराण्यांच्या प्रोसेसरांचे गिगाहर्ट्झ समोरासमोर ठेवून काहीच कळत नाही. रायझेन बनवणाऱ्या एएमडीचा जुना ॲथलॉन एक्सपी १८००+ हा जेमतेम १.५३ गिगाहर्ट्झवर चालायचा आणि जास्त आकड्याच्या पेंटियम ४ ला झुंजवायचा. नावात ‘१८००+’ घालायची वेळ कंपनीवर आली ती गिऱ्हाईक नुसता मेगाहर्ट्झ बघत होतं म्हणून. वीसेक वर्षं उलटली तरी तो आकडा डोक्यातून गेलेला नाही. एका ठोक्यात प्रोसेसर किती काम उरकतो हे महत्त्वाचं, आणि तिथे या जोडीत इंटेल थोडा पुढे आहे.

कॅश म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली छोटी, झटपट मेमरी. तिच्याबद्दलचं भावाचं म्हणणं अगदीच चूक नाही. ५६०० ची ३२ एमबी एल३ कॅश गेम खेळणाऱ्यांना उपयोगी पडते. तुमच्या टाइमलाइनला तिचा फारसा फायदा नाही. ४के व्हिडिओची एकच उलगडलेली फ्रेम त्या कॅशमध्ये जेमतेम मावेल किंवा मावणारही नाही.

आता नेटवरचे आकडे. सिनेबेंच आर२३ या चाचणीत सगळे कोअर मिळून १२४०० ला साधारण १२ हजारांच्या आसपास गुण पडतात, ५६०० ला साधारण ११ हजार. एका कोअरवर इंटेल १६०० ते १७००, रायझेन १४५० ते १५००. मदरबोर्ड, रॅम आणि वीजमर्यादा बदलली की हे आकडे वर-खाली होतात, म्हणून तुम्हाला एकेका ठिकाणी एकेक विजेता दिसला. दोघांनाही सहा कोअर, बारा थ्रेड. दोघेही २०२२ चे, ५६०० एप्रिलचा आणि १२४०० जानेवारीचा. तुमच्या चार कोअरच्या ४५७० पुढे दोघेही किमान तिप्पट काम करतील. एक्स्पोर्टला एकावर ६० मिनिटं लागत असतील तर दुसऱ्यावर ५५ लागतील. रात्री एक्स्पोर्ट लावून तुम्ही झोपणार असाल तर त्या पाच मिनिटांना किंमत शून्य.

सिनेबेंचमध्ये होतं काय? एक त्रिमितीय चित्र कोअरांवर वाटून रंगवलं जातं. व्हिडिओ उलगडण्यासाठी चिपमध्ये जो स्वतंत्र विभाग असतो, त्याला ही चाचणी हातही लावत नाही. आणि तुमचं काम अडतंय ते नेमकं तिथे.

ए७ थ्री ४के रेकॉर्ड करतो ते ८-बिट, ४:२:०. ए७ फोर १०-बिट ४:२:२ देऊ शकतो, आणि माझी जवळपास खात्री आहे की तुमच्या घरच्यांनी मेन्यूत तेच ठेवलंय. हे आकडे रंगांबद्दलचे आहेत. बिट म्हणजे छटा किती बारकाईने नोंदल्या जातात ते, आणि ४:२:२ किंवा ४:२:० म्हणजे रंग किती पिक्सेलांचे साठवले जातात ते. उजेड-अंधाराची माहिती दोन्हींत प्रत्येक पिक्सेलची साठवली जाते. रंगाची माहिती ४:२:२ मध्ये निम्म्या पिक्सेलांची, ४:२:० मध्ये पाव पिक्सेलांची. तुमच्या जीटीएक्स १६५० मधला डीकोडर ४:२:० ची फाइल सहज उलगडतो, एच.२६५ (व्हिडिओ आवळून साठवायची नवी पद्धत, जुनी ती एच.२६४) असेल तर १०-बिटसुद्धा. पण ४:२:२ त्याला येत नाही. एनव्हिडियाने ती सोय आणली ती थेट आरटीएक्स ५० मालिकेत, २०२५ साली. तोवरच्या कुठल्याही जीटीएक्स-आरटीएक्स कार्डाला, अगदी लाखभर रुपयांच्यालाही, हे जमत नव्हतं. मग कार्डाने हात वर केले की सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर येतो. तुमच्या चार कोअरच्या मशीनवर दोन कॅमेऱ्यांचे मंगलाष्टकांचे शॉट मल्टिकॅमला लावून अंतरपाट खाली आल्याची फ्रेम शोधायला गेलं की चित्र गोठतं, आवाज पुढे जातो, आणि तुम्ही अंदाजाने कट मारता. हेच होत असणार.

इंटेलच्या डेस्कटॉप चिपांत ११व्या पिढीपासून जे अंगचं ग्राफिक्स येतं, त्यातला क्विक सिंक हा विभाग एच.२६५ ची १०-बिट ४:२:२ फाइल स्वतः उलगडतो. कोअर मोकळे राहतात. प्रीमिअर प्रो हे एडिटिंग सॉफ्टवेअर तो वापरतं. एडियसवर काम करणाऱ्या आपल्याकडच्या लग्नवाल्यांना तर क्विक सिंक वर्षानुवर्षं माहीत आहे. दुकानदार ‘एडिटिंगला इंटेलच’ म्हणतो त्याचं मूळ इथे आहे. गंमत अशी की जे कारण तो सांगतो, तेच त्याने कोटेशनमधून काढून टाकलंय. १२४००एफ मधला ‘एफ’ म्हणजे अंगचं ग्राफिक्स बंद. ग्राफिक्स नाही तर क्विक सिंकही नाही. कार्ड आहेच म्हटल्यावर त्याने स्वस्तातला एफ लावला, त्यात लबाडी आहे असं नाही. गेम खेळणाऱ्या पोरांना रोज तेच विकत असेल. पण तुमच्यासाठी १२४००एफ आणि रायझेन ५६०० हे दोघंही त्या बाबतीत सारखेच आंधळे आहेत.

तेव्हा तुलना करायची ती ५६०० आणि १२४००एफ यांची नाही. कोटेशनमधला एफ खोडून साधा १२४०० लिहून घ्या. बाजारात आले तेव्हा दोघांच्या यादीतल्या किमतीत २५ डॉलरचा फरक होता, आपल्याकडेही तो साधारण त्याच घरात असतो. ५६०० पेक्षा तो महाग पडला तरी घ्या. दुकानदार मध्येच ‘मग ग्राफिक्सवाला रायझेन देतो’ म्हणून ५६००जी पुढे करेल. तो नको. त्यात ग्राफिक्स आहे, पण ४:२:२ त्यालाही येत नाही, आणि एल३ कॅश ५६०० च्या निम्मी. दोन-अडीच हजार जास्त द्यायची तयारी असेल तर १२५०० विचारा. त्यातल्या यूएचडी ७७० ग्राफिक्समध्ये व्हिडिओचे दोन विभाग असतात, १२४०० च्या यूएचडी ७३० मध्ये एक. दोन कॅमेरे एकदम टाइमलाइनवर ठेवणाऱ्याला ते कळून येतं. मिळाला नाही तर त्यासाठी थांबू नका.

थांबा, एक पोटकलम आहे आणि ते नीट वाचा. क्विक सिंक ४:२:२ उलगडतो तो एच.२६५ चा. एच.२६४ चा १०-बिट ४:२:२ या पिढीत त्यालाही येत नाही. सोनीच्या भाषेत एक्सएव्हीसी एचएस म्हणजे एच.२६५ आणि एक्सएव्हीसी एस म्हणजे एच.२६४. तुमच्या घरच्यांनी एक्सएव्हीसी एस आणि ४:२:२ असं ठेवलं असेल, तर नवा १२४०० घेऊनही तो भार कोअरवरच पडेल. सहा नव्या कोअरना तो आजच्यापेक्षा खूपच बरा झेपेल, पण मग रायझेनही तेवढाच झेपवेल आणि माझा सगळा युक्तिवाद बाद.

म्हणून पैसे देण्याआधी एक काम करा. मीडियाइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते टाकून ए७ फोरची एक अडकणारी क्लिप त्यात उघडा. व्हिडिओच्या रकान्यात फॉरमॅट एव्हीसी दिसलं तर ते एच.२६४, एचईव्हीसी दिसलं तर एच.२६५. खाली बिट डेप्थ आणि क्रोमा सबसॅम्पलिंग अशा दोन ओळी असतात. एचईव्हीसी, १० बिट, ४:२:२ असेल तर साधा १२४०० डोळे झाकून घ्या. एव्हीसी, १० बिट, ४:२:२ असेल तर आधी नवऱ्याशी बोला.

काय बोलायचं तेही सांगतो. एचएस हा प्रकार ए७ फोरमध्ये ‘पाल’ (सेकंदाला २५/५० फ्रेमच्या, आपल्याकडच्या) सेटिंगला ४के २५ फ्रेम देत नाही, ५० घ्याव्या लागतात, आणि ५० ला चित्राची चौकट आत येते. लहानशा हॉलमध्ये स्टेजसमोर उभं राहून अख्खं कुटुंब बसवायचं असेल तर लेन्स कमी पडते. ही अडचण खरी आहे आणि कदाचित म्हणूनच ते एसवर गेले असतील. तसं असेल तर एसमध्येच ४:२:० ८-बिट निवडता येतं. माझं मत विचाराल तर हळद, वरात, जेवणावळ, आहेर एवढ्या सगळ्याला १०-बिट ४:२:२ कशाला लागतं हे मला उमगलेलं नाही. शेवटी गिऱ्हाइकाला पेनड्राइव्हवर ८-बिट ४:२:० च देता ना? भरपूर कलर ग्रेडिंग करायचं, लॉगमध्ये (नंतर रंग चढवण्यासाठी मुद्दाम फिकं) शूट करायचं, प्री-वेडिंगची दोन मिनिटांची फिल्म करायची, तिथे ४:२:२ चा पैसा वसूल होतो. चार तासांच्या मुख्य विधीला तो हट्ट सोडला तर कार्डांतली जागा वाचते आणि तुमचं आजचं जीटीएक्स १६५० सुद्धा खुशाल पळतं. आणि ज्याला ५० फ्रेम चालतात त्याने एचएस १०-बिट ४:२:० घ्यावं. रंगाला पुरेशी जागाही मिळते आणि जुनं कार्डही ते उलगडतं. घरच्यांना हे पटलं नाही तर कॅमेऱ्यातच प्रॉक्सी, म्हणजे त्याच शॉटची हलकी प्रत, रेकॉर्ड होते, ती लावून कट करा.

मेन्यू बदलून भागणार असेल तर नवं मशीन घ्यायचंच कशाला, असं तुम्हाला वाटेल. घ्यायला हवंच. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह दिवसभर ज्या मशीनला लागतात ते अपडेटविना चालवणं बरं नाही. शिवाय अल्बमचं काम आहेच.

अल्बमचा हिशेब वेगळा. करिश्मा अल्बमचं १२ बाय ३६ चं पान ३०० डीपीआयला म्हणजे ३६०० गुणिले १०८०० पिक्सेल. एक भरलेला लेअर साधारण ११७ एमबी. पाच-सहा फोटो, बॅकग्राउंड, मास्क, वर हिस्टरी असं धरलं की एक पान दोन जीबी सहज खातं, आणि तुम्ही एकावेळी एकच पान उघडता असं मला वाटत नाही. मागे प्रीमिअर उघडं. १६ जीबीत हे बसणार नाही, आणि इथे ५६०० असो वा १२४००, दोघेही डिस्ककडे बघत बसतील. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून कडाडलेत हे मलाही माहीत आहे, तरीही ३२ जीबीच घ्या. डीडीआर४ चालेल, १२४०० ला डीडीआर५ च हवी असं काही नाही. १६ च्या दोन काड्या घ्या, ३२ ची एक नको. अंगच्या ग्राफिक्सला रॅमच वापरायची असते, एकाच काडीवर तिची वाट निम्मी होते. दोनाला पैसे पुरत नसतील तर ८ च्या दोन बसवा, पण मग बोर्ड चार स्लॉटचा घ्या. स्वस्तातल्या एच६१० बोर्डावर बहुधा दोनच स्लॉट असतात, बी६६० किंवा बी७६० मध्ये चारवाले मिळतात. जुन्या मशीनची रॅम काढून बसवू म्हणाल तर ती डीडीआर३ आहे, बसायची नाही.

दुकानदार १३व्या किंवा १४व्या पिढीचा आय५ त्याच भावात देत असेल तर घ्यायला हरकत नाही, ग्राफिक्स आहे ना तेवढं बघा. तुमच्या भावाने ‘इंटेल खराब होतात’ असं काही वाचलं असेल तर ते प्रकरण १३व्या-१४व्या पिढीतल्या वरच्या, जास्त वीज खाणाऱ्या मॉडेलांचं होतं. २०२४ मध्ये इंटेलने त्यावर मायक्रोकोड (चिपच्या आतल्या दुरुस्तीचे अपडेट) काढले आणि त्या मॉडेलांची वॉरंटी दोन वर्षं वाढवली. १२व्या पिढीचा त्यात संबंध नाही. पुढे कधीतरी प्रोसेसर बदलू हा विचार दोन्हीकडे फार धरू नका. रायझेनचं एएम४ आणि इंटेलचं एलजीए१७००, प्रोसेसर बसायच्या या दोन्ही सॉकेटांचा शेवट जवळ आलेला आहे.

रायझेनची बाजू मी उगाच पाडतोय असं भावाला वाटू नये म्हणून सांगतो : सहा महिन्यांत आरटीएक्स ५० मालिकेतलं कार्ड घ्यायचं नक्की असेल तर ५६०० घेतलात तरी काही बिघडत नाही. ते कार्ड एच.२६५ बरोबर एच.२६४ चा ४:२:२ सुद्धा उलगडतं, जे क्विक सिंकला जमत नाही. पण ‘पुढच्या सीझनला बघू’ या बोलीवर ५६०० घेऊ नका.

मशीन जुळवताना एक गोष्ट हटकून राहते. कार्ड बसवलं की बरेचसे बोर्ड प्रोसेसरचं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या बोर्डाच्या मूळ सेटिंगांत) आयजीपीयू मल्टि-मॉनिटर किंवा इंटरनल ग्राफिक्स अशा नावाची सेटिंग असते, ती ‘एनेबल्ड’ करून घ्या. मॉनिटरची वायर कार्डालाच राहू द्या. मग इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर टाका आणि प्रीमिअरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडियाखाली हार्डवेअर डीकोडिंगपुढे इंटेलला टिक आहे का बघा. हे न करता घरी आणलं तर साध्या १२४०० चे पैसे देऊन एफ वापरत बसाल, आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही.

खात्री दुकानातच करा. ए७ फोरची तीच क्लिप पेनड्राइव्हवर न्या, तिथे प्रीमिअरची ट्रायल टाकायला सांगा. क्लिप आधी मशीनच्या एसएसडीवर उतरवून घ्या, पेनड्राइव्हवरून थेट चालवली तर ती तशीही अडकेल आणि दोष प्रोसेसरला लागेल. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये इंटेलच्या जीपीयूवर क्लिक करा. क्लिप चालू असताना व्हिडिओ डीकोडचा आलेख चढला आणि सीपीयू निवांत राहिला तर काम झालं. आलेख जमिनीला चिकटलेला आणि सीपीयू ९० च्या वर असेल तर बायोस तरी राहिलंय किंवा फाइल एच.२६४ ची आहे.

बिलावर प्रोसेसरचं पूर्ण नाव लिहून घ्या, नुसतं ‘आय५ १२वी पिढी’ चालणार नाही. खोकं सीलबंद हवं. ट्रे माल, म्हणजे खोक्याशिवाय सुटा येणारा प्रोसेसर, थोडा स्वस्त पडतो, पण त्यात पंखा नसतो आणि कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी दाखवायला अडचण येते. खोक्यातला पंखा १२४०० ला पुरतो. मात्र मे महिन्यात आटपाडीत पत्र्याखाली स्टुडिओ असेल तर कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या, काचेचं नको.